जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन टाकायचंय? मिस्त्रीकडं जाण्याआधी हे वाचा

धडगाव, मोलगी, अक्कलकुवा. यातल्या कुठल्याही स्टँडवर बाजाराच्या दिवशी सकाळी उभे राहा. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो. ठकठकठकठक करत, मागं काळा धूर सोडत एक जीप वळणावरून वर येते. आत किती माणसं आहेत ते मोजायच्या भानगडीत पडू नका, टपावर पोती आणि कोंबड्याही असतात. पश्चिम महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात, तिला आपल्याकडं काळी-पिवळी म्हणतात.

हा डिझेलचा ठकठक आवाज आपल्या कानात इतका बसलाय, की जीप म्हणजे डिझेल असंच वाटतं. पण जीप जन्मली ती पेट्रोलवर. मग तिच्या पोटात डिझेल कुठून आलं? काही गाड्यांना ते कंपनीनं दिलं आणि काहींना गॅरेजच्या शेडमध्ये, चेन-ब्लॉकला लटकवून बसवलं गेलं.

आजकाल 'इंजिन स्वॅप'चे रील्स धडाधड व्हायरल होतात. तीस सेकंदांत जुनं इंजिन बाहेर, नवीन आत, गाडी चिखलातून पार आणि खाली आगीच्या इमोजींची रांग. त्या तीस सेकंदांत जे दाखवत नाहीत, ते या लेखात आहे.

हे आपल्याकडं पहिल्यांदा कुणी केलं?

भारतातला सगळ्यात यशस्वी डिझेल स्वॅप कुठल्या मिस्त्रीनं केलेला नाही, तो महिंद्रानं केला. आणि त्याचा बराचसा भाग महाराष्ट्रातच घडला.

१९४५ मध्ये के. सी. महिंद्रा आणि जे. सी. महिंद्रा हे भाऊ आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि इकडं १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच सुमारास अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीप मुंबईत जोडायला सुरुवात झाली. पुढं इथं रुळली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. बॉनेट उंच असायचं कारण तिच्यातलं 'हरिकेन' नावाचं पेट्रोल इंजिन. त्याच्या काही झडपा इंजिनाच्या डोक्यावर होत्या, त्यामुळं ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि बॉनेटलाही वर सरकावं लागलं.

हे इंजिन २.२ लिटरचं. गाडी दणकट, पण पेट्रोल ढसाढसा पिणारी. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, जगभर भाव भडकले आणि पेट्रोलवरची जीप ठेवणं म्हणजे दारात हत्ती बांधणं झालं.

महिंद्राकडं तेव्हा एक डिझेल इंजिन घरातच होतं, पण ते ट्रॅक्टरचं. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून कंपनी मुंबईत कांदिवलीला बी-२७५ ट्रॅक्टर बनवायची. त्याच इंजिनाच्या घराण्यातलं एमडी २३५० हे इंजिन जीपमध्ये आलं. विचार करा, नांगरटीचं इंजिन रस्त्यावरच्या गाडीत! चालायचं, कमी प्यायचं, पण हादरेही ट्रॅक्टरचेच द्यायचं.

मग १९७९ च्या सुमारास फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार झाला आणि एक्सडीपी ४.९० हे इंजिन आलं. नावातच त्याची कुंडली आहे. ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. क्षमता २११२ सीसी, ताकद ६२ अश्वशक्ती. ऐंशीच्या दशकात ही इंजिनं कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागली. एमएम ५४० सारख्या गाड्यांत ती बसली. त्याच वंशातलं पुढचं एमडीआय इंजिन २५२३ सीसीचं. गॅरेजात ज्याला नुसतं 'डीआय' म्हणतात ते हेच, आणि २०१० मध्ये नाशिकहून निघालेल्या पहिल्या थारच्या स्वस्त मॉडेलमध्येही हेच होतं.

म्हणजे पेट्रोल जीप ते चांगली डिझेल जीप या प्रवासाला पैसा, परदेशी करार आणि अख्खा कारखाना हाताशी असलेल्या कंपनीलाही काही वर्षं लागली. आता हेच काम शेडमध्ये आठवड्याभरात होतं तेव्हा काय काय सुटतं, ते बघू.

पण डिझेलच का?

पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीनं पेटतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, मग त्यात डिझेलचा फवारा मारायचा, तो आपोआप पेटतो. जुन्या पेट्रोल जीपमध्ये हवा साधारण सातपट दाबली जायची, जुन्या डिझेलमध्ये वीसपट आणि त्याच्याही वर. एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळंच जाड हवं. म्हणून डिझेल इंजिन जड असतं, म्हणूनच ते ठकठकतं आणि म्हणूनच त्याच तेलात जास्त अंतर कापतं.

"डिझेलला ताकद जास्त" हे वाक्य मात्र जरा जपून वापरायला हवं. सीजे-३बीचं पेट्रोल इंजिन कागदावर सत्तरच्या वर अश्वशक्तीचं होतं आणि त्याच्या जागी आलेलं प्यूजो ६२ चं. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या हे मान्य, पण जुनं बिनटर्बोचं डिझेल टाकलं म्हणून गाडी रॉकेट होत नाही. कमी फेऱ्यांवर ओढत राहणं, रेंगाळत चढ चढणं हा त्याचा गुण. टर्बो आणि कॉमन रेल आल्यावर चित्र बदललं, ती गोष्ट वेगळी.

खरा मुद्दा खिशाचा होता. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागं तीस रुपयांच्या घरात फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलचे दरही बाजारावर सोडले आणि ही दरी आटत गेली. अलीकडं महाराष्ट्रात हा फरक साधारण बारा रुपयांच्या आसपास राहिलाय.

एक हिशेब मांडू. समजा पेट्रोल जीप लिटरला ८ किलोमीटर देते आणि डिझेल टाकल्यावर १२ देईल. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ धरा. वर्षाला १० हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे जवळपास ५५ हजार रुपये वाचतात. पण शनिवार-रविवारी तोरणमाळला जाऊन फोटो टाकणाऱ्याचं रनिंग समजा वर्षाला २ हजार किलोमीटर आहे, तर वाचतात ११ हजार. इंजिन बदलायला दीड लाख गेले असं धरलं तर पहिल्याचे तीन वर्षांच्या आत वसूल, दुसऱ्याचे व्हायला तेरा-चौदा वर्षं. तोवर आवड तरी टिकेल का?

शेडमध्ये नेमकं काय होतं?

इंजिन उचलून चासीत ठेवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. दोन माणसं, एक चेन-ब्लॉक आणि एक दुपार. पुढचं सगळं डोकेदुखीचं.

पहिला प्रश्न इंजिन आणि गिअरबॉक्सच्या लग्नाचा. दोघं वेगवेगळ्या घरचे, त्यामुळं बोल्टची भोकं जुळत नाहीत. मग मधे लोखंडाची जाड ॲडाप्टर प्लेट बनवतात. ही प्लेट लेथवर नीट काढली, क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य तंतोतंत एका रेषेत आला, तर गाडी वर्षानुवर्षं चालते. मिलिमीटरचा काही भाग जरी इकडं-तिकडं झाला तर क्लच थरथरतो, पायलट बेअरिंग ओरडायला लागतं आणि काही महिन्यांनी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग जातं. तेव्हा मालक म्हणतो गिअरबॉक्स खराब निघाला. गिअरबॉक्स बिचारा चांगला असतो, प्लेट वाकडी असते.

म्हणून बरेच जण इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स घेतात. मारुती जिप्सीत हे त्यामानानं सोपं, कारण तिची ट्रान्स्फर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मधे छोटा शाफ्ट असतो. जुन्या जीपमध्ये ती गिअरबॉक्सच्या पाठीलाच चिकटलेली. गिअरबॉक्स बदलला की तिथंही नवीन जोडणी आली.

दुसरा प्रश्न जागेचा. इंजिनाच्या पोटाखाली ऑइलचं चेंबर असतं आणि फोर बाय फोर गाडीत नेमका त्याच्या खालून पुढचा ॲक्सल जातो. गाडी शेडमध्ये उभी असताना दोघांत चार बोटं अंतर दिसतं. पण खड्ड्यात आदळली, पाटे पूर्ण दबले की ॲक्सल वर येऊन चेंबरला ठोकतो. डाबच्या रस्त्यावर चेंबर फुटलं तर तुम्ही, तुमचं ऑइल आणि मोबाइलला न मिळणारी रेंज, एवढेच तिथं उरता. चांगला मिस्त्री चेंबर कापून, त्याचा आकार बदलून पुन्हा वेल्ड करतो आणि आतली ऑइल ओढायची नळीही त्याप्रमाणं वळवतो. नळी तशीच राहिली तर तीव्र चढावर ती ऑइलऐवजी हवा ओढते आणि इंजिन बसतं.

तिसरा प्रश्न वजनाचा आणि हादऱ्याचा. डिझेल जड, त्यामुळं पुढचे पाटे बसतात. एखादा पाटा वाढवावा लागतो. शिवाय चासीवर जी नवीन माउंटिंग वेल्ड केली जातात, ती रबराशिवाय किंवा चुकीच्या जागी असतील तर डिझेलच्या हादऱ्यांनी वर्ष-दोन वर्षांत तिथं चीर पडते. ही चीर रंगाखाली लपते, दिसत नाही.

आणि चौथा, ज्याच्याकडं सर्वांत कमी लक्ष जातं तो गिअरिंगचा. सीजे-३बीच्या ॲक्सलचं गुणोत्तर ५.३८ होतं. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरलं की चाक एकदा फिरणार. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या मारत असेल तर वेग होतो ताशी १०० किलोमीटर. आता तिथं ट्रॅक्टरच्या जातीचं, २२०० फेऱ्यांवर दमणारं इंजिन बसवा. त्याच ॲक्सलवर वेग होतो ताशी ५५. शहादा ते नंदुरबार रस्त्यावर मागून उसाचा ट्रॅक्टरही हॉर्न मारेल. उपाय आहे, क्राउन-पिनियन बदलायचे. पण फोर बाय फोरमध्ये पुढचे आणि मागचे दोन्ही एकाच गुणोत्तराचे हवेत, नाहीतर चारही चाकं जोडल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस तुटते.

याशिवाय बारीकसारीक बरंच आहे. वीसपट दाबाविरुद्ध क्रँक फिरवायचा तर मोठा सेल्फ आणि मोठी बॅटरी लागते. थंडीत सुरू व्हायला हीटर प्लगचं वायरिंग लागतं. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन आणि फिल्टर नवे हवेत, आणि जादा डिझेल टाकीत परत यायला वेगळी नळी. लाइनमध्ये कुठं जरी फट राहिली तर पंप एअर घेतो आणि गाडी भर घाटात बंद पडते. रेडिएटरची जाळी जुनीच ठेवली तर मे महिन्यात काय होतं ते नंदुरबारच्या माणसाला सांगायला नको.

ब्रेकचं मात्र थांबून सांगायला हवं. जिप्सीसारख्या गाडीत ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर असतो आणि तो इंजिनात हवा ओढली जाताना तयार होणाऱ्या निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर झडप असते, म्हणून हा निर्वात आयता मिळतो. जुन्या डिझेलला ती झडपच नसते. म्हणून कंपन्या डिझेल गाडीत वेगळा व्हॅक्यूम पंप देतात, बऱ्याचदा तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. स्वॅप करताना साधा अल्टरनेटर लावला तर गाडी सुरू होते, पळते, रीलही बनते. फक्त ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. चांदसैली घाट उतरताना हे लक्षात येणं परवडणारं नाही.

सातपुड्यातल्या तीन गोष्टी

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. तिथं हवा साधारण दहा टक्के विरळ. बिनटर्बोचं जुनं इंजिन हवा कमी घेतं, पण त्याचा पंप डिझेल तेवढंच सोडत राहतो. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. म्हणून खाली ठीक चालणारी गाडी वर गेल्यावर जास्त धुरकटते. यावर "पंप वाढवून" डिझेल आणखी सोडायचा सल्ला मिळतो. त्यानं धूर वाढतो, इंजिन तापतं आणि चढ तसाच राहतो.

दुसरी गोष्ट नाल्याची. डिझेलला स्पार्क प्लग, डिस्ट्रिब्युटर नाहीत, त्यामुळं पाण्याच्या शिंतोड्यानं ते पेट्रोलसारखं बंद पडत नाही. इथवर बरोबर. पण हवा ओढायच्या तोंडातून पाणी आत गेलं तर? पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये पिस्टनच्या डोक्यावर जागाच कमी उरते, त्यामुळं थोडं पाणीही पुरतं. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना "डिझेल आहे, काढ" म्हणणाऱ्यांनी एअर फिल्टर कुठल्या उंचीवर आहे ते आधी बघावं. स्वॅपमध्ये फिल्टर बऱ्याचदा जिथं जागा मिळेल तिथं, म्हणजे खालीच, बांधलेला असतो.

तिसरी गोष्ट उताराची. देवगोई घाटात भरलेली गाडी उतरते तेव्हा वजन पुढच्या चाकांवर येतं. पुढं इंजिन आधीच जड झालेलं, ब्रेक जुने ड्रमचे आणि मागं क्षमतेच्या दुप्पट माणसं. इंजिनाबरोबर ब्रेक वाढवले नसतील तर हा हिशेब जुळतच नाही.

कोणती इंजिनं चालतात?

डीआय सगळ्यात लोकप्रिय, कारण त्याचे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. त्याखालोखाल 'मॅटाडोरचं इंजिन'. हे पुण्याच्या आकुर्डीत बजाज टेम्पोनं, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सनं बनवलेलं ओएम ६१६. मूळचं ते मर्सिडीजच्या २४० डी या कारचं, २.४ लिटरचं. म्हणजे मॅटाडोरचं इंजिन टाकलेल्या जीपवाल्यानं "मर्सिडीजचं इंजिन आहे" म्हटलं तर तो अगदीच फेकत नसतो.

जिप्सी १९८५ पासून विकली गेली आणि शेवटपर्यंत पेट्रोलवरच राहिली, त्यामुळं तिच्यात डिझेल घालायची हौस अनेकांना. झेन आणि एस्टीम डिझेलमधलं दीड लिटरचं प्यूजो इंजिन तिच्यात बसवलेलं दिसतं. लष्कराच्या लिलावातल्या जोंगाची गोष्ट तर सरळच आहे. जबलपूरला बनणाऱ्या त्या गाडीत जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. २०१९ मध्ये धोनीनं जोंगा घेतल्यावर सगळ्यांना ती हवीशी वाटायला लागली. पंपावर पहिल्यांदा टाकी भरली की डिझेलचा विचार आपोआप येतो.

नवीन कॉमन रेल इंजिनं ताकदीला भारी, पण ती एकटी येत नाहीत. त्यांचा कॉम्प्युटर, वायरिंगचं जाळं, सेन्सर, चावी ओळखणारी यंत्रणा सगळं सोबत आणावं लागतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंजिनांना तर धूर गाळणारी सायलेन्सरची अख्खी साखळी असते. त्यातलं एक सेन्सर रुसलं की गाडी रेंगाळत घरी न्यायची. मोलगीत लॅपटॉप लावून ते बघणारा शोधत बसावं लागेल. जुनी, पंप-नोझलची इंजिनं आपल्या भागात अजून का टिकून आहेत, याचं उत्तर यातच आहे.

कायदा काय म्हणतो?

इथं बहुतेक रील्स गप्प असतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं मूळ दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकानं बदलायची नाही. त्याला अपवाद आहेत. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त कन्व्हर्जन किट बसवता येतं. इंजिन खराब झालं म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीनं बदलून नवा नंबर आरसीवर चढवता येतो. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची संमतीही लागते.

९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं केरळमधल्या एका प्रकरणात हे आणखी पक्कं केलं. केरळ हायकोर्टाचा सैल अर्थ बाजूला ठेवत कोर्टानं सांगितलं, की कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल आरसीवर नोंदवता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मग पेट्रोल जीपमध्ये डिझेल टाकणं कुठं बसतं? सरळ उत्तर, बहुतेक वेळा कुठंच बसत नाही. तुमच्याच मॉडेलची गाडी कंपनीनं डिझेलमध्येही विकली असेल तर आरटीओत जाऊन विचारायला निदान तोंड असतं. जिप्सीच्या बाबतीत तेही नाही. विचारायचं ते काम सुरू करण्याआधी, आणि उत्तर लेखी घ्यायचं. "आपला माणूस आहे, करून देतो" या वाक्यावर इंजिन उतरवू नका.

नोंद न केलेल्या स्वॅपचा फटका दंडापुरता नसतो. आरसीवर इंधन 'पेट्रोल' असेल आणि गाडी डिझेल, तर पीयूसी नीट निघत नाही. कारण दोन्हींची चाचणीच वेगळी. पेट्रोलचा वायू मोजतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा. पंधरा वर्षांनी आरसी नूतनीकरणाला गाडी समोर उभी करावी लागते, तेव्हा इंजिन नंबर बघतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे अपघात. विमा कंपनीला न सांगितलेला एवढा मोठा बदल निघाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. गाडीतल्या किंवा रस्त्यावरच्या माणसाच्या भरपाईचं प्रकरण कोर्टात गेलं तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करायला बघते. ज्या घाटात एका जीपमध्ये पंधरा-वीस जण बसतात, तिथं हा आकडा घर-शेत विकायला लावणारा असू शकतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिरानं भंगारातून बनवलेली छोटी जीप २०२१ मध्ये व्हायरल झाली होती, आठवतंय? आनंद महिंद्रांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, आणि ती नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, असंही म्हटलं. पुढं तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो दिली. कौतुक करणाऱ्यालाही नियम चुकला नाही.

खासगी शेतात, बांधलेल्या ट्रॅकवर, ऑफ-रोड स्पर्धेत ट्रेलरवरून नेलेली गाडी हा वेगळा विषय. तिथं हौशी लोक मनसोक्त प्रयोग करतात. पण ती स्वतःच्या चाकांवर सार्वजनिक रस्त्यावर आली की वरचं सगळं लागू.

अशी गाडी विकत घेत असाल तर

आपल्याकडं जुन्या जीपवर बऱ्याचदा एमएच १८ नंबर दिसतो, कारण १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. एमएच ३९ त्यानंतरचं. तेव्हा नंबरावरून घाबरू नका, पण आरसी हातात घेऊन बॉनेट उघडा. इंजिनावर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. नंबर घासलेला किंवा नव्यानं ठोकलेला वाटला तर चहा पिऊन निघा. ते इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं. आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. इंजिन बदलल्याचं सांगत असतील तर त्या इंजिनाचं बिल मागा.

मग खाली वाका. माउंटिंगचं वेल्डिंग बघा, त्याच्या आजूबाजूला रंग नवा वाटतो का बघा. चेंबर आणि पुढचा ॲक्सल यांच्यातलं अंतर हातानं मोजा. ॲक्सलला घासल्याच्या खुणा असतील तर त्या लपत नाहीत. गाडी सुरू करून, न्यूट्रलला ठेवून ब्रेक तीन-चार वेळा पटापट दाबा. पेडल प्रत्येक वेळी जास्त कडक होत गेलं तर व्हॅक्यूमची बोंब आहे.

शेवटी चावी बंद करा. जुन्या पंपाचं डिझेल इंजिन नुसत्या चावीनं बंद होत नाही, त्याला डिझेल तोडावं लागतं. त्यासाठी डॅशबोर्डखाली ओढायची एक नॉब असते. चावी काढल्यावरही गाडी ठकठकत राहिली आणि मालक गिअर टाकून, क्लच सोडून तिला बंद पाडायला लागला, तर त्यानं ती साधी केबलही जोडलेली नाही. बाकीचं काय काय जोडलेलं नसेल, ते शोधायला मग फार वेळ लागत नाही.